तीस पेशंट हवेत

दिवसाला तीस पेशंट आले नाहीत तर दवाखाना बंद, असा वरून हुकूम आला होता. नर्सबाईंच्या वहीत जेमतेम अकरा नावं असायची. तपासणीला साहेब आले, तेव्हा बाकांवर गल्लीतल्या साऱ्या म्हाताऱ्या कण्हत बसल्या होत्या. “काय होतंय, आजी?” साहेबांनी पहिलीला विचारलं. “शिंक आली की गुडघा असा वाजतो, शेजारची मांजर गाव सोडते.” नर्सबाईंना राहवेना. “सगळ्या ठणठणीत आहेत, साहेब. अकराच लिहा.” “ठणठणीत का नसणार?” म्हातारी फणकारली. “ही घरोघरी फिरून साखर तपासते, जखमा बघते, गोळी चुकली की कान उपटते. तीस जण आजारी पडणार कसे?” साहेबांनी फॉर्मवर बोट फिरवलं. “याला रकानाच नाही, आजी.” “मागची बाजू कोरी आहे ना? मी सांगते, तुम्ही लिहा.” साहेबांनी पान उलटलं. “सावकाश सांगा,” ते म्हणाले.