चोख चांदी

राजा दरवर्षी जुनी नाणी बाद करायचा, आणि मूठभर जुनी देऊन चिमूटभर नवी घ्यावी लागायची. या लुटीला विटून पोझनानच्या दोबेश सोनाराने घरातली जुनी नाणी गुपचूप वितळवून चांदी गाळून चोख केली, नवा ठसा हुबेहूब कोरला आणि स्वतःच नाणी पाडली.

"अहो, थोडं तांबं मिसळा की त्यात," बायको राद्का म्हणाली होती.

"भेसळ? या हातांनी? मेलो तरी नाही!" तो तिच्यावर खेकसला होता.

आज बाजारात तो मिठाचे पैसे देत असताना राजाच्या टाकसाळीच्या मुकादमाने त्याचं मनगट धरलं. "बघू रे, कुठलं नाणं आहे ते."

भोवती माणसं जमली. खोटं नाणं पाडणाऱ्याचा हात तोडतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. राद्का मिठाची पुरचुंडी छातीशी घट्ट धरून उभी होती.

मुकादमाने ठसा उलटसुलट निरखला, पण त्यात खोट सापडेना. मग त्याने ते नाणं शेजारच्या मासे भाजणारीच्या निखाऱ्यांवर टाकलं. दोबेशचा जीव भांड्यात पडला. भेसळीची चांदी विस्तवात काळी पडते. त्याची पडणार नव्हती.

नाणं तापून लाल झालं, आणि निवल्यावर पांढरंशुभ्र निघालं.

"बघा! आहे का कुठे डाग?" दोबेश छाती काढून म्हणाला.

मुकादमाने शिपायांना खूण केली.



"धरा रे याला! आमच्या टाकसाळीचं असतं, तर काळं पडलं असतं."