पुढच्या गाण्याआधी एक सूचना

"तो अजून तिथेच आहे, काका. डावीकडच्या स्पीकरपाशी, काळा शर्ट. आता दुसऱ्या पोरींच्या मागे जाऊन उभा राहिलाय. कोणीतरी चला ना माझ्यासोबत."

मोरिवलीच्या मैदानावर संगीत महोत्सव रंगात आला होता. 'महिला मदत कक्ष' लिहिलेल्या मांडवात मंडळाचे विष्णुपंत एकटेच बसले होते. पाहुण्यांच्या शाली कोणी पळवू नये म्हणून त्यांना तिथे बसवलं होतं. कक्षाच्या बाई सत्कार घ्यायला स्टेजवर गेल्या होत्या.

"आधी बस. पाणी पी. नाव काय? कुठली तू?"

"प्रीती. चिखलोलीची. काका, तो निघून जाईल."

"जातोय कुठे? आपला माइक आहे ना." विष्णुपंतांनी स्टेजवरच्या महेशला फोन लावला. पोर हरवो की किल्ली सापडो, मंडळाचा इलाज एकच. माइकवरून पुकारा करायचा.

"माइक नको. तुम्ही नुसते चला."

"घाबरतेस कशाला? तू काय चोरी केलीस?"

गाणं थांबलं. महेशचा आवाज मैदानभर घुमला.

"एक सूचना! चिखलोलीच्या कुमारी प्रीती, पिवळा ड्रेस, यांची कोणीतरी छेड काढलेली आहे. काळा शर्टवाला जो कोणी असेल, त्याने ताबडतोब मदत कक्षात येऊन ताईंची माफी मागावी!"

मैदान हसलं. शिट्ट्या वाजल्या. "आ रहा हूँ, प्रीती!" गर्दीतून एकजण ओरडला. माना वळल्या, पिवळा ड्रेस सापडला, मोबाइल वर झाले.

प्रीतीने स्पीकरकडे पाहिलं. तिथे आता कोणी नव्हतं.

मांडवाकडे दोघीजणी येत होत्या. एक रडत होती, दुसरीने तिचा दंड धरला होता. त्यांनी सूचना ऐकली. प्रीतीवर रोखलेले मोबाइल पाहिले. रडणारीने ओढणीने तोंड पुसलं, आणि दोघी गेटकडे वळल्या.

"अगं, थांबा! तोच होता का?" प्रीती त्यांच्यामागे धावली. त्यांनी पाय उचलले. मागे वळून पाहिलं नाही.

विष्णुपंतांचा फोन वाजला. अध्यक्षांचा होता. ते उठून उभे राहिले.

"सगळं शिस्तीत, साहेब. एवढी गर्दी, पण तक्रार एकच."