पायाखालची धडधड

मयूर विहारमधल्या सोसायटीत उन्मेषनं गाडी भिंतीकडे तोंड करून लावली, इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली. तरी ब्रेकचं पेडल त्याच्या तळपायाखाली धडधडत राहिलं.

ही धडधड त्याच्या ओळखीची होती. गाझियाबादजवळ ओल्या रस्त्यावर त्यानं करकचून ब्रेक मारला, तेव्हा पेडल असंच उलट लाथा झाडायला लागलं होतं. काहीतरी तुटलं असं वाटून त्यानं घाबरून पाय उचलला. गाडी ट्रकवर आदळली आणि शेजारी बसलेले सासरे जागच्या जागी गेले.

मेकॅनिक नंतर त्याच्या बायकोच्या, उत्तराच्या देखतच म्हणाला होता, "साहब, वो तो एबीएस था. चाक जाम न हो, इसलिए ब्रेक खुद पकड़ता-छोड़ता है. आपको बस पैर दबाए रखना था."

ती गाडी भंगारात गेली. ही तर नवी होती.

उत्तरा खाली आली आणि भिंत नि बंपर यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत शिरली.

"चल ना, चहा गार होतोय."

उन्मेष उघड्या खिडकीतून ओरडला, "आधी बाजूला हो! मला पाय उचलता येत नाहीये."

ती हसली. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच. मग भिंतीला पाठ लावून, बंपरला गुडघे टेकवून उभी राहिली.

"उचल की. त्या दिवशी तर बरा पटकन उचललास."

त्यानं दोन्ही पायांनी पेडल दाबून धरलं.

धडधड थांबली आणि पेडल सैल पडून थेट तळाला गेलं. खालून कुणीतरी आपला पाय काढून घेतला होता.