पिल्लाची खोड

सून रागिणीने मोर्शीहून आणलेलं कुत्र्याचं पिल्लू घरातच ओलं करायचं. ती त्याला नेमाने अंगणात न्यायची. सासू दुर्गाबाई अडवायच्या, “राहू दे वं, कायले शिकवून राहिली? लेकरूच हाये थे.”

तरी पिल्लू शिकलं. लघवीला लागली की दाराशी जाऊन कुंईकुंई करू लागलं.

एका सकाळी सासऱ्यांच्या बाजेखाली ओल दिसली. सासरे भिंतीकडे तोंड करून पडले होते. दुर्गाबाई फडकं घेऊन धावल्या. “त्या पिल्लानंच केलं असन, बाई.”

पिल्लू रात्रभर रागिणीच्या बंद खोलीत झोपलं होतं.

तिने सासूच्या हातातलं फडकं घेतलं आणि सासऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने पिल्लाला म्हणाली, “काहून रे लबाडा, आजबी घरातच केलं न?”