नापास न झालेलं डोकं

"कोणाचा विश्वास बसणार नाही, पण अकरा वर्षं अमेरिकन फुटबॉल खेळलो आणि डोक्याच्या तपासणीत एकदाही नापास झालो नाही!" क्लीव्हलँडमधल्या सलूनच्या खुर्चीतून म्हाताऱ्या क्लीटसने डरकाळी फोडली.

"त्या दगडात तपासायला होतं काय?" न्हावी एमस म्हणाला.

"युक्ती होती, गाढवा! मोसमाआधी डॉक्टर पाच शब्द लक्षात ठेवायला द्यायचा. मी मुद्दाम दोनच सांगायचो. मग सामन्यात हेल्मेटवर हेल्मेट आदळून डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी दोन आठवायचेच. डॉक्टर पुन्हा विचारून म्हणायचा, होतं तसंच आहे, जा खेळ!"

अख्खं दुकान खदखदून हसलं. चाळीस वर्षं ही गोष्ट ऐकून दरवेळी हसणारी त्याची बायको वर्नेटा आज मात्र हसली नाही; मांडीवरच्या त्याच्या टोपीची कड चाचपत राहिली.

"आज सकाळी त्या मेंदूच्या डॉक्टरलाही तसंच बनवलं," क्लीटसने डोळा मारला. "पाचही शब्द येत होते, मुद्दाम दोनच सांगितले!"



"खोटं आहे हे, क्लीटस," वर्नेटा म्हणाली. "त्यांनी शब्द विचारलेच नाहीत. माझ्याकडे बोट दाखवून एवढंच विचारलं, या कोण? आणि तुला सांगता आलं नाही."