एकशे चार किलोमीटर

एकशे चार. ताईने वजाबाकी पुन्हा करून पाहिली, तरी एकशे चारच.

धाकटा भाऊ आत हातपाय धूत होता आणि ती गाडीचं दार उघडून मीटरसमोर उभी होती. तेल कधी बदलायचं ते कळावं म्हणून आकडा कॅलेंडरवर टिपायचं काम तिच्याकडे होतं. वडिलांचं घर डोंगरावर, साठ किलोमीटर लांब. पूल होता तोवर धाकटा दर रविवारी जाऊन यायचा आणि मीटरवर एकशे वीस भरायचे. आता सलग पाच रविवार एकशे चारच भरत होते.

आईची एक बाजू लुळी पडली तेव्हा तिला उपचारांसाठी इथे, खाली आणलं. वडील आले नाहीत. त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या, आणि माश्यांना सोडून ते कुणाच्या लग्नालाही मुक्कामाला राहिले नव्हते. वर फोन लागत नव्हता. मग नदीवरचा पूल वाहून गेला आणि पलीकडच्या रस्त्यावर दरड आली.

गाडी मुळात फोर बाय फोरच, पण जुनी आणि बुटकी. होती तशी तिला नदीचं पात्र ओलांडता येईना. पुढचे तीन आठवडे धाकट्याने मिस्त्रीच्या गॅरेजमध्येच मुक्काम ठोकला म्हटलं तरी चालेल. गाडी चार इंच उचलली. खोल खाचांचे मोठे टायर चढवले. इंजिनात पाणी शिरू नये म्हणून हवेची नळी टपापर्यंत वर नेली. रुतली तर ओढून काढायला पुढे विंच बसवला. पहिल्या खेपेला मिस्त्री स्वतः बरोबर गेला, काम कसं झालंय ते बघायला.

त्या दिवशी मीटर बघायचं ताईला सुचलंही नाही. संध्याकाळी धाकटा चिखलाने माखून आला, तडक अंघोळीला गेला आणि बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "पोचलो. बरे आहेत." आई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

तेव्हापासून आई रविवारच्या भरवशावरच आठवडा काढायची. वडील जन्मात सलग चार वाक्यं बोलले नव्हते. धाकट्याच्या तोंडून मात्र ते हल्ली भरभरून बोलू लागले होते. गुडघा दुखतो, पण चालवून घेतो. तिसऱ्या पेटीतल्या माश्या फार तापट निघाल्या, अगदी तुझ्या वळणावर गेल्यात, असा निरोप आला तेव्हा आई अर्ध्या तोंडाने हसली.

ताईला मात्र आकडा छळू लागला. नदीचा काठ घरापासून बरोबर बावन्न किलोमीटर. जाऊन येऊन एकशे चार. म्हणजे हा काठापर्यंत जातो, तिथे वेळ काढतो, चिखल लावून घेतो आणि घरी येऊन थापा मारतो. तिकडे म्हातारा माणूस एकटा, गोळ्या संपल्या असतील, कुणी हाक मारायलाही नाही. स्वयंपाकघरात तोंडावर पदर घेऊन ती रडली, आणि त्यात रागापेक्षा थकवाच जास्त होता. आईला उठवणं, बसवणं, भरवणं, रात्रंदिवस कूस बदलून देणं, सगळं तिच्या अंगावर होतं. त्याच्या वाट्याला फक्त एक रविवार आला होता, तोही त्याच्याच्याने निभेना.

शेजारच्या काकांनी उभा जन्म ट्रक चालवला होता. शनिवारी तिने त्यांना आडून आडून विचारलं. काकांना हसू आलं. मीटर चाकाचे फेरे मोजतं, ते म्हणाले, आणि चाक मोठं झालं की एका फेऱ्यात जास्त अंतर पडतं. मीटर बिचारं जुन्याच चाकाच्या मापाने मोजत राहतं. या टायरांना शंभरामागे पंधरा वाढव. ताईने कॅलेंडरच्या कडेलाच गुणाकार मांडला. एकशे चारचे झाले जवळजवळ एकशे वीस.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सख्ख्या भावावर पाळत ठेवायची, आणि तीही चाकं मोजून.

रविवारी तो आला. गाडी बंद करून नेहमीसारखा दहा मिनिटं स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. या वेळी ती स्वतः बाहेर गेली, त्याच्या हातातली पिशवी घेतली, गरम गरम वाढलं आणि समोर बसून राहिली.

"दमतोस रे फार," ती म्हणाली. "एकदा मलाही घेऊन चल. बाबांना बघून किती दिवस झाले."

धाकट्याचा हात ताटात थांबला. "आईला कोण बघेल?" तो म्हणाला, आणि मग खाली बघूनच जेवत राहिला. ताईला वाटलं, आपण याला किती कमी ओळखतो.

सोमवारी काकूंना आईजवळ बसवून ती गाडी घेऊन गॅरेजात गेली. तेल बदलायचं होतं, आणि एकदाचं ते मीटरही नीट करून घ्यायचं होतं, म्हणजे पुन्हा डोक्यात नको ते यायला नको. आपण कशी वेड्यासारखी भावावर संशय घेत होतो ते तिने मिस्त्रीला हसत हसत सांगूनही टाकलं.

मिस्त्री हसला नाही. "मीटर बरोबर आहे, ताई. टायर चढवले त्याच दिवशी मी ते नव्या मापाला जुळवून दिलं होतं."

"मग एकशे चार कसे?"

त्याने फडक्याला हात पुसले, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"काठापर्यंत तेवढेच होतात. त्याच्यापुढे जाऊन तरी आता भेटणार कोण? तो तिथेच बसून येतो, त्या पहिल्या खेपेला आम्ही दोघांनी बाबांना खाली आणून अग्नी दिला तिथे. आणि आईंची काळजी करू नका. तुम्ही बहीणभावाने त्यांना सांगायचं नाही असं ठरवलंय ना, मग माझ्या तोंडूनही कधी निघणार नाही."