घारीच्या पंजातला मासा

परीक्षकांनी भिंग तिसऱ्यांदा माशाच्या डोळ्यावर धरलं. डोळ्यात एक पांढुरका ठिपका होता. ते आभाळाचं प्रतिबिंब असेल, किंवा मासा आधीच मेलेला असेल. भिंगातून ठिपका मोठा दिसत होता, एवढंच.

फोटोने अर्धं टेबल व्यापलं होतं. घार पाण्यावरून नुकतीच उठलेली, पंख पूर्ण उघडलेले, पंजात मासा, माशाच्या शेपटीपासून पाण्याची एक धार निघालेली. स्पर्धेच्या बाकीच्या दोन परीक्षकांनी सकाळीच त्याला पहिला क्रमांक देऊन टाकला होता आणि ते जेवायला गेले होते. यांची सही तेवढी राहिली होती.

"तुम्ही मासा पाण्यात टाकला नव्हता ना?" त्यांनी विचारलं, आणि विचारताना त्यांचेच कान गरम झाले. त्यांचं आयुष्य माशांवरच्या पुस्तकांत गेलं होतं. पुस्तकांना असं तोंडावर काही विचारावं लागत नाही.

फोटोग्राफर समोर उभा होता. पस्तिशीचा, नवा शर्ट घातलेला. "अकरा दिवस तळ्यावर बसून होतो सर. दिवसभर. अकराव्या दिवशी हा मिळाला."

"मेलेला मासा तरंगतो. घारीला उचलायला सोपा जातो. म्हणून नियमात लिहिलंय, आमिष टाकलेलं आढळलं तर नाव कायमचं बाद. आणि बक्षिसाबरोबर संग्रहालयातली नोकरी आहे. म्हणून विचारतो."

"विचारा की." फोटोग्राफर हसला. "पण हातच्या कांकणाला आरसा कशाला? माझी आई खाली बसलीय, बक्षीस बघायला आलीय. चाळीस वर्षं मासे विकतेय. तिला दाखवा. शिळा मासा गिऱ्हाईक स्वतःहून मागत असलं तरी ती देत नाही, मांजरांना टाकते. आमच्या बाजारातली मांजरं बघा एकदा. चालवत नाही त्यांना."

दाराशी उभा असलेला कारकून फिसकन हसला. परीक्षक हसले नाहीत. जो माणूस आपणहून आईला साक्षीला आणतो तो एक तर अगदी खरा असतो, नाही तर त्याने तिला पढवून ठेवलेलं असतं. मग या विचाराची त्यांना लाज वाटली.

आई वर आली. हात तिने साबणाने चांगले धुतलेले दिसत होते. तरी ती ते टेबलापासून लांब धरून उभी राहिली.

"बाई, हा फोटो तुम्ही आधी पाहिलाय?"

"नाही हो. घरी दाखवतो कुठे हा? म्हणतो, तुला काय कळतंय त्यातलं."

"आई."

"म्हणतोस की."

"ताजा मासा तुम्ही कसा ओळखता?" परीक्षकांनी विचारलं.

ती जरा सैलावली. "सोपं आहे साहेब. डोळा फुगीर पाहिजे. शिळ्याचा आत जातो, त्याच्यावर साय धरते. मग कल्ला उचलून बघायचा, आत लाल पाहिजे. आणि अंगठ्याने दाबायचं, खड्डा राहता कामा नये. कितीही धुवा-पुसा, मासा वय लपवत नाही. आपल्यासारखं नाही त्याचं."

"मग हा बघा."

तिने आधी घार पाहिली. "बाई गं, केवढी," म्हणाली, आणि मुलाकडे बघून कौतुकाने हसली. मग माशावर वाकली, ती वाकलेलीच राहिली. तिचं बोट डोळ्यापाशी गेलं, तिथून कल्ल्यापाशी. कल्ल्याचं झाकण किंचित वर राहिलं होतं, कुणीतरी बोटाने उचलून बघितल्यासारखं. तिचं बोट तिथे थांबलं म्हणून परीक्षकांना ते दिसलं. मग तिचा अंगठा माशाच्या पोटावर टेकला आणि त्याने गुळगुळीत कागद दाबला. लगेच तिने हात मागे घेतला.

"कधी काढलास हा?"

"गेल्या महिन्यात. सांगितलं होतं ना तुला."

"मी तापाने पडले होते तेव्हा."

"हो, तेव्हाच."

"तेव्हा दुकानावर तूच बसत होतास."

"सकाळी तळ्यावर, मग दुकानावर. आई, सरांना घाई आहे. मासा कसा आहे तेवढं सांग."

ती मुलाकडे पाहत राहिली. माशाकडे पाहिलं होतं तितकाच वेळ.

"ताजा आहे," ती म्हणाली.

"नक्की?" परीक्षकांनी विचारलं.

"आत्ता पाण्यातून काढल्यासारखा."

मुलाने खांदे खाली सोडले. परीक्षकांनी सही केली. चाळीस वर्षांच्या अनुभवापुढे आपलं भिंग ते काय, असं त्यांना वाटलं, आणि उगाच संशय घेतल्याची भरपाई म्हणून ते एरवी बोलले नसते इतकं बोलले.

"मला हे कधी जमलंच नाही बघा. माशांची शास्त्रीय नावं पाठ आहेत, पण बाजारात गेलो की दर वेळी शिळाच गळ्यात मारतात. बायको म्हणते, पदवी कुणी दिली तुम्हाला, त्याचं नाव सांगा. आता तुमच्याकडेच येत जाईन. कुठे बसता तुम्ही?"

आईने खुर्चीवरची पिशवी उचलली.

"माझ्याकडे नका येऊ साहेब," ती म्हणाली. "दुसरं कुणीतरी बघा."

कारकुनाने सही झालेला कागद उचलला. परीक्षकांनी त्याचं दुसरं टोक सोडलं नाही.